पंपघरामागचा पिवळा माका

उत्तराताई देवस्थळींची आणि माझी ओळख झाली ती माझ्या घरच्या गणपतीच्या पूजेत, आणि तीसुद्धा भांडणाने. डोंबिवलीला सुखदा सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. गुरुजी पत्री वाहत होते, मी ताट धरून बसले होते, आणि वरच्या मजल्यावरच्या या बाईंनी, ज्यांना मी निव्वळ शेजारधर्म म्हणून दर्शनाला बोलावलं होतं, पुढे वाकून ताटातली एक जुडी उचलली.

"हा माका नाही. ही एकदांडी आहे."

गुरुजींचा हात तसाच राहिला. मी म्हटलं, "बाजारातून माका म्हणूनच आणलाय."

"त्याने काय होतं?" त्या म्हणाल्या, आणि नेसत्या रेशमी साडीनिशी जिना उतरून गेल्या. फाटकाजवळच्या गटाराच्या कडेने उगवलेली चार रोपं उपटून, धुऊन घेऊन आल्या. मग गणपतीला तिष्ठत ठेवून मला तिथेच शिकवणी. एकदांडीचं फूल उंच, एकट्या दांड्यावर. मध्ये पिवळा गोंडा आणि कडेला मोजक्या रुंद पाकळ्या. माक्याचं फूल बुटकं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि पाकळ्या कसल्या, पांढरे दोरेच. तरी शंका असेल तर देठ चुरडायचा. त्यांनी चुरडला आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. बघता बघता ते काळं पडलं. "हा माका. ती एकदांडी तर मुळात आपल्याकडची नाहीच, बाहेरून आलेली." गुरुजींनी मान डोलावली आणि पूजा पुढे सुरू झाली. मला इतका राग आला होता की प्रसादाचा मोदक मी त्यांच्या हातावर जवळजवळ आपटला. त्यांनी तो शांतपणे खाल्ला आणि सारणात वेलची कमी आहे म्हणाल्या.

अशा बाईशी माझी पुढे मैत्री झाली याचं मला अजून नवल वाटतं. माझा स्वभाव तापट, त्यांचा चिकट. एखाद्या गोष्टीचं नाव चुकलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. ठाण्याला बँकेत त्यांची सगळी नोकरी गेली आणि त्यातला बराचसा काळ सह्या जुळवण्यात. चेकवरची सही आणि कार्डावरची सही समोरासमोर ठेवायची आणि सांगायचं, एकाच माणसाची की दोघांची. "सारखं दिसतं ते बघायचंच नाही," त्या म्हणायच्या, "वेगळं काय आहे तेवढं शोधायचं." निवृत्त झाल्यावर जुळवायला सह्या उरल्या नाहीत, म्हणून त्या रानफुलांकडे वळल्या. त्यातही सूर्यफुलाच्या कुळातल्या. म्हणजे माका, सहदेवी, सोनकी, भांबुर्डा असली रस्त्याकडेची, डोंगरउतारावरची मंडळी. सगळ्या फुलांत फसवी हीच, असं त्यांचं मत. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच, इवल्या इवल्या फुलांचं एकत्र कुटुंब असतं. कोणाच्या कडेच्या पाकळ्या किती, पान देठाला कसं चिकटलंय, लव आहे की नाही, यावर सगळा निवाडा. पर्समध्ये घड्याळजीकडून घेतलेलं भिंग असे. ते डोळ्याला लावून त्या रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या की रिक्षावाले थांबून विचारत, आजी, काही पडलं का?

आणि या बाईला नवरा मिळाला होता आनंदराव. औषधाच्या कंपनीत विक्रीला होते, त्यामुळे अख्खा जन्म डॉक्टरांशी गोड बोलण्यात गेला. उमदा, मोठ्या आवाजाचा माणूस. दिसेल त्या झाडाला ते बेधडक नाव देऊन मोकळे होत आणि ते नाव हमखास चुकीचं असे. रविवारी दोघं खडवलीला नाहीतर टिटवाळ्याला जायची आणि संध्याकाळी जिना चढताना अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं भांडत परत यायची.

"सोनकीच होती ती!"

"सोनकीची पानं तशी नसतात, आनंद. आणि ही पुन्हा पाण्यात उभी. सोनकी कधी पाण्यात उभी राहते का?"

"एखादीला वाटलं असेल उभं राहावंसं!"

सुरुवातीला मला वाटायचं, या दोघांचं पटत नाही. मग कळलं की पटणं म्हणजे आणखी काय असतं? आमच्या घरात जेवताना टीव्हीचा आवाज असायचा आणि त्यांच्या घरात वादाचा. मला त्यांचा हेवा वाटे, हे सांगायला मला लाज नाही.

मग आनंदरावांच्या पोटात गाठ निघाली. मुलगा सौमित्र पुण्याहून आला, डॉक्टरांशी बोलला आणि आपल्याकडे ठरतं तसंच ठरलं: बाबांना सांगायचं नाही. अल्सर आहे, औषधाने बरा होईल, असंच म्हणायचं. सगळी इमारत या नाटकात सामील झाली. जन्मभर डॉक्टरांच्या दारात काढलेल्या माणसाला आपण फसवू शकतो, असं आम्हाला कसं वाटलं कोण जाणे. पण त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून पथ्याच्या पाककृती सांगत राहिलो.

या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला, एका सकाळी आनंदरावांनी खालून मला हाक मारली. सोसायटीच्या मागे पंपघर आहे, त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात बारा महिने पाणी पाझरतं. पूर्वी इथे भातखाचरं होती. बिल्डरने भराव टाकला, पण तो कोपरा काही पूर्ण सुकला नाही. भिंतीच्या सावलीत जमिनीलगत पसरलेला हिरवा गालिचा आणि त्यावर पिवळी फुलं.

"हेमांगी, बघ! पिवळा माका! आपला, इथला. शेताच्या बांधावर असायचा, आता शोधून सापडत नाही. ही सोसायटी व्हायच्या आधीपासून इथे राहतोय बिचारा. आपण सगळे उपरे, हा मूळचा रहिवासी." त्यांचा शर्ट अंगावर लोंबत होता, पण आवाज तसाच होता. उत्तराताई शेजारी उभ्या होत्या.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी आनंदराव गेले.

पुढे उत्तराताईंनी त्या कोपऱ्याला जीव लावला. पडलेल्या पिशव्या उचलायच्या, ओल असली तरी रोज बादलीने पाणी घालायचं. मी कधी सोबतीला उभी राहायची. त्यांनी तिथे भिंग काढल्याचं मला आठवत नाही, पण तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

गेल्या वर्षी कमलेशने पार्किंगचा विषय काढला. कमलेश दुसऱ्या मजल्यावरचा, घरात माणसं चार आणि दुचाकी तीन. पंपघरामागचा तो कोपरा सिमेंट करून घ्यावा, असा त्याचा अर्ज होता. सभेत तो उत्तराताईंना म्हणाला, "काकू, रिस्पेक्ट आहे तुमच्याबद्दल, पण तिकडे मच्छर किती होतात! आणि एका गवतासाठी आमच्या गाड्या रस्त्यावर?"

लोक त्याच्या बाजूने कलले होते. तेव्हा आमचे सेक्रेटरी राजरत्न सोनावणे उठले. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते माल तपासणीच्या खात्यात आहेत. मोजून बोलणारा माणूस. कोणाची बाजू घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मी दिवसभर सँपल चेक करतो. ओके की रिजेक्ट, मधलं काही नसतं. या बिल्डिंगमध्ये माझ्यासारखं काम करणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे काकू. त्या म्हणतात ही इथली ओरिजिनल वनस्पती आहे, तर आहे. आपण सगळे नंतर आलो. मूळच्याला उठवून गाडी लावायची असेल तर माझं नाव त्यात नको."

'मूळच्याला उठवून' हे शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारले. मतदान झालं आणि कोपरा थोडक्यात वाचला. कमलेश तणतणत निघून गेला आणि राजरत्नशी त्याने बोलणं टाकलं. दोघं एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत. मुलांचं येणं-जाणंसुद्धा थांबलं.

राजरत्न एवढ्यावर थांबले नाहीत. आनंदरावांच्या स्मृतिदिनी तिथे छोटी पाटी लावायची, असं त्यांनी ठरवलं. 'पिवळा माका. या जागेचा मूळ रहिवासी. शोधणारे: कै. आनंद देवस्थळी.' खाली ओळख पटवणाऱ्या चार ओळी, म्हणजे मुलांना कळेल. त्या चार ओळी उत्तराताईंनी द्यायच्या.

त्या देईनात. दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा राजरत्नांनी मला गळ घातली. मी वर गेले तर टेबलावर कोरा कागद आणि शेजारी एका पेल्यात त्या कोपऱ्यातली डहाळी. उत्तराताई म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर खडवलीला येशील?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. स्टेशनच्या मागून शेतं लागतात, आणि एका बांधावर, जिथे पाणी हळूहळू झिरपत असतं, तिथे त्या थेट जाऊन बसल्या. जागा त्यांना पाठ होती. भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं, एक डहाळी ओल्या रुमालात गुंडाळली. येताना एक शब्द नाही. मी दोनदा विषय काढून पाहिला आणि मग रागावून मीही गप्प बसले.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही डहाळ्या पांढऱ्या ताटात समोरासमोर ठेवल्या. "बघ तू," म्हणाल्या.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"वेगळं काय आहे तेवढं सांग."

मी पाहिलं. पहिल्या नजरेत दोन्ही सारखीच. पिवळी फुलं, समोरासमोर पानं, जमिनीवर सरपटणारा दांडा. मग हळूहळू दिसायला लागलं. खडवलीचं पान अरुंद, लांबट, कडा जवळजवळ सरळ, आणि हात फिरवला तर खरखरीत. आमच्या कोपऱ्यातलं पान रुंद, चकचकीत, मांसल. आणि नीट बघितलं तर दोन्ही बाजूंना एकेक छोटा कान फुटल्यासारखा. सावलीत वाढल्यामुळे दबलेला, पण होता. खालच्या जुन्या पानांवर तर स्पष्ट. फूलही मोठं, ऐटबाज. तसलं फूल मी कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते आता आठवलं. रस्त्याच्या दुभाजकावर, बँकेच्या दाराशी, प्रत्येक नव्या टॉवरच्या बागेत.

"वेडेलिया," उत्तराताई म्हणाल्या. "नर्सरीवाले कुंड्या भरभरून विकतात. परदेशातनं आलेली. आपल्या माळ्याने कधीतरी छाटणी करून कचरा मागे टाकला असेल, त्यातली एखादी कांडी रुजली. हिचा पसारा झाला की खालचं दुसरं काही जगत नाही. मूळ रहिवासी वगैरे काही नाही, हेमांगी. कमलेशच्या स्कूटरीइतकीच जुनी असेल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या बाईने माझ्या गणपतीला थांबवून ठेवलं होतं, ती इतकी वर्षं रोज या झाडाला पाणी घालत होती. विचारायचं ते तोंडावर आलं, पण मी गिळलं.

राजरत्नांना वर बोलावलं. त्यांनी ताट पाहिलं, त्यांना समजायला माझ्याइतका वेळ लागला नाही. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काकू, मी तुमच्या शब्दावर भांडलो. त्या कमलेशला मी काय काय बोललो."

"हो."

"तुम्ही तेव्हा चेक नव्हतं केलं?"

"नाही."

हा एवढा शब्द उच्चारायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला दिसत होतं. राजरत्नांनाही दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. ते पुढे सरकून म्हणाले, "एक करता येईल. खडवलीला आहे ना खरा? आपण रविवारी जाऊन आणू. हा काढायचा, तो लावायचा. पाटी लागेल तेव्हा तिथे पिवळा माकाच असेल. कोणाला कळणार आहे? आणि झाड खरंच चांगलं आहे, वाचलं तर चांगलंच ना."

मला ते एकदम पटलं. मी तर रोपं कुठल्या पिशवीतून आणायची इथपर्यंत पोचले होते. पाटी राहील, सेक्रेटरीची अब्रू राहील, आनंदरावांचं नाव राहील, शिवाय एका दुर्मीळ झाडाला घर मिळेल. यात कोणाचं वाईट होतं?

उत्तराताई म्हणाल्या, "मग ते आनंदने शोधलेलं कसं होईल?"

"काकू, नावापुरतं..."

"नावापुरतं नाही. त्याच्या नावाखाली मला खोटं नकोय, राजरत्न. तुम्हाला मी गोत्यात आणलंय, ते मी निस्तरते."

स्मृतिदिनाच्या सकाळी लोक जमले. पाटी तयार होऊन आली होती, राजरत्नांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कमलेशही गॅलरीत उभा राहून बघत होता. उत्तराताईंनी ते ताट सगळ्यांसमोर धरलं, दोन पानांतला फरक दाखवला आणि बँकेत एखाद्या खातेदाराला सांगावं तशा सरळ म्हणाल्या, "हा पिवळा माका नाही. माझी चूक झाली. राजरत्नांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचा यात दोष नाही. झाड काढून टाकायला हवं, आणि कोपऱ्याचं काय करायचं ते सभेने पुन्हा ठरवावं."

एकदोघी उगाच हसल्या, एकाने "बाकी झाड छान दिसत होतं" म्हटलं. कमलेश खाली आला. मला वाटलं, आता हा डोक्यावर मिरे वाटणार, आणि मी पदर खोचून तयारच होते. पण तो उत्तराताईंकडे पाहून ओशाळला आणि पुटपुटला, "काकू, घाई नाहीये पार्किंगची." राजरत्नांनी पाटी तशीच काखेत धरून घरी नेली. त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि पुढे कितीतरी दिवस ते उत्तराताईंशी कामापुरतं बोलत. मी त्यांना दोष देत नाही.

दुपारी लोक पांगल्यावर मी खाली गेले तर उत्तराताई गुडघ्यांवर बसून ती वेल उपटत होत्या. गाठीगाठीला मुळं धरलेली. एक ओढावी तर हातभर पसारा वर येई. मीही शेजारी बसले. अर्धा कोपरा मोकळा झाल्यावर मला राहवलं नाही. माझ्यातला सगळा जुना राग वर आला.

"ताई, तुम्ही माझ्या पूजेतला माका तपासलात. अख्ख्या डोंबिवलीची पानं उलटसुलट करून पाहिलीत. आणि हाच एक तेवढा तपासला नाहीत? रोज पाणी घालत होतात!"

त्यांनी हातातली वेल खाली ठेवली.

"तपासायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या. "त्याने दाखवला त्याच दिवशी मला दिसलं होतं. पानांचे कान. आणि तेही भिंगाशिवाय."

"मग?"

"आदल्या संध्याकाळी रिपोर्ट आला होता, हेमांगी. तो इतका खूश होता. मी म्हटलं, असू दे. म्हटलं, हो रे, पिवळा माकाच आहे."

पंपाची मोटर सुरू झाली, बंद झाली.

"जिना चढताना तो थांबला. आधी वाटलं, धाप लागली. माझ्याकडे बघून म्हणाला, 'आज वाद नाही घातलास तू.' मी म्हटलं, 'बरोबर असल्यावर कशाला घालीन?' तर हसला. म्हणाला, 'इतकं वाईट आहे का गं?'"

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं. आम्ही सगळ्यांनी केलेलं ते नाटक, तो अल्सर, ती पथ्यं.

"त्या जिन्यात कळलं. माझ्याकडूनच कळलं. मी 'काहीतरीच काय' म्हटलं, आणि त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे तो कशालाही काहीही नाव द्यायचा आणि मी हो म्हणायची. तोही माझं सगळं ऐकायचा." त्यांनी मातीने भरलेले हात मांडीवर ठेवले. "सहा महिने आम्ही एकदाही भांडलो नाही गं. शेवटचे सहा महिने होते ते आमचे, आणि आम्ही परक्यांसारखे चांगले वागलो."

मग त्या रडल्या. आनंदराव गेले तेव्हा त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने वेल ओढत राहिले, कारण अजून बरीच उपटायची होती.